जळलेल्या टनाचा हिशेब

कोळशाचा एक टन भट्टीत गेला, उष्णता मिळाली, की तो टन संपला असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात काहीच संपत नाही. भट्टीत जेवढं वस्तुमान जातं तेवढं सगळं बाहेर पडतं. हवेतला ऑक्सिजन त्याला जोडला गेल्यामुळे धुराड्यातून निघणाऱ्या वायूंचं वजन मूळ इंधनापेक्षा कितीतरी जास्त भरतं. जीवाश्म इंधनांच्या परिणामांवर खूप बोललं जातं, पण मला सर्वांत भरवशाचा वाटतो तो वजनाचा हिशेब. आत काय गेलं, कुठल्या वाटेनं काय बाहेर पडलं आणि ते शेवटी कुठे जाऊन बसलं, एवढं लिहून काढायचं. कुणी 'स्वच्छ' म्हणून काही दाखवलं तर त्यालाही हेच विचारायचं: धुरातून काढलेलं गेलं कुठे?

सुरुवात कार्बनपासून. कार्बनच्या अणूचं वजन १२, ऑक्सिजनच्या दोन अणूंचं मिळून ३२, दोन्ही एकत्र आले की ४४. म्हणून १ किलो कार्बन पूर्ण जळला की ४४ भागिले १२, म्हणजे ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. पुढचे सगळे आकडे यातूनच निघतात. १ लिटर पेट्रोलचं वजन साधारण ०.७४ किलो आणि त्यात ८६-८७ टक्के कार्बन, म्हणजे ०.६४ किलो कार्बन, आणि त्यातून सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड. डिझेल जरा जड, लिटरला ०.८३ ते ०.८४ किलो, म्हणून लिटरमागे २.६ ते २.७ किलो. एलपीजीच्या एका किलोमागे ३ किलो. पाऊण किलोच्या पेट्रोलमधून सव्वादोन किलोहून जास्त वायू कसा निघेल, ही शंका अनेकांना येते. दोन-तृतीयांशाहून जास्त वजन हवेतल्या ऑक्सिजनचं असतं, एवढंच त्याचं उत्तर.

किलोऐवजी मिळणाऱ्या उष्णतेच्या मापानं पाहिलं तर क्रम वेगळा लागतो. एका मेगाज्यूल उष्णतेमागे नैसर्गिक वायू ५६ ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो, खनिज तेल ७३, दगडी कोळसा ९५ आणि लिग्नाइट १०० किंवा त्याहून थोडा जास्त. फरक पडतो तो हायड्रोजनमुळे. मिथेनमध्ये एका कार्बनला चार हायड्रोजन असतात आणि त्यांच्या जळण्यातून पाणी होतं. कोळशात जवळपास सगळा भार कार्बनवरच.

कोळशाचा हिशेब करताना एक चूक वारंवार होते. प्रयोगशाळेचा अहवाल बहुतेक वेळा हवेत वाळवलेल्या नमुन्याचा असतो आणि वजनकाट्यावरचा कोळसा असतो ओला, जसा आला तसा. हे दोन आकडे थेट गुणले की उत्तर फुगतं. त्यासाठी अहवालातली टक्केवारी आधी बदलून घ्यावी लागते: तिला १०० वजा एकूण ओलाव्यानं गुणायचं आणि १०० वजा नमुन्यात उरलेल्या ओलाव्यानं भागायचं. समजा अहवालात कार्बन ४३.५ टक्के आहे, नमुन्यातला ओलावा ६ टक्के आणि आलेल्या कोळशातला एकूण ओलावा १३.५ टक्के. ४३.५ गुणिले ८६.५ भागिले ९४, उत्तर ४० टक्के. साडेतीन टक्क्यांचा हा फरक वर्षभराच्या हिशेबात लाखो टनांचा होतो. राख आणि गंधक यांनाही हेच सूत्र लागतं.

आता हा ४० टक्के कार्बनचा कोळसा घेऊ. त्यात राख ३५ टक्के, ओलावा १३.५, गंधक अर्धा टक्का, बाकी हायड्रोजन, ऑक्सिजन आणि नायट्रोजन. तो ५०० मेगावॉटच्या एका वीजसंचात जाळायचा. पूर्ण भारानं चोवीस तास चालला तर संच १ कोटी २० लाख युनिट वीज देतो. अशा कोळशाचे युनिटमागे ०.६५ किलो लागतात असं धरलं तर दिवसाला ७,८०० टन कोळसा. तो जाळायला सुमारे ५० हजार टन हवा लागते. बाहेर पडतो ११,४४० टन कार्बन डायऑक्साइड, २,७३० टन राख आणि ३९ टन गंधकापासून झालेला ७८ टन सल्फर डायऑक्साइड. उष्णतेचा एक-तृतीयांशापेक्षा किंचित जास्त भाग विजेत उतरतो. उरलेला थंड करण्याच्या पाण्यात आणि धुराड्यातून वर. हे एका संचाचं, एका दिवसाचं. लेखात पुढे जे काही आहे ते याच आकड्यांच्या वाटा शोधण्याचं काम आहे.

भट्टीत काय बिघडतं

मोठ्या बॉयलरमध्ये कोळसा तुकड्यांनी जाळत नाहीत. तो मिलमध्ये इतका बारीक दळतात की ७० टक्क्यांहून जास्त भुकटी ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून जावी. ही भुकटी गरम हवेबरोबर बर्नरमधून आत फुंकली जाते आणि तिला जळायला मोजके सेकंदच मिळतात. मिलचे रोलर झिजले, किंवा जाड कण परत दळायला पाठवणारा क्लासिफायर नीट लावलेला नसला, की जाड कण आत जातात आणि अर्धवट जळून राखेत पडतात. यात इंधन वाया जातं हे उघड आहे. पण त्याचा दुसरा परिणाम जास्त दूरवर जातो. राखेत न जळलेला कार्बन ५-६ टक्क्यांच्या वर गेला की काँक्रीटवाले ती घेत नाहीत, कारण काँक्रीटमध्ये बारीक बुडबुडे राहावेत म्हणून घातलेलं रसायन हा कार्बन शोषून घेतो. मग जी राख सिमेंटमध्ये उपयोगी पडली असती ती राख साठवायच्या तळ्यात जाते आणि तिथून विषं भूजलात पाझरतात. एका झिजलेल्या रोलरचा परिणाम अशा रीतीनं काही मैलांवरच्या विहिरीपर्यंत पोहोचतो.

हवेचंही तसंच. जाळायला जेवढी हवा नेमकी लागते त्यापेक्षा १५ ते २० टक्के जास्त द्यावी लागते. बॉयलरमधून निघणाऱ्या वायूत ३ ते ४ टक्के ऑक्सिजन उरला तर मापात चाललंय असं समजतात. कमी उरला तर कार्बन मोनॉक्साइड वाढतो आणि नळ्यांवर वितळलेली राख थापली जाते. जास्त उरला तर नायट्रोजनचे ऑक्साइड वाढतात आणि ती जादा हवा तापवून धुराड्यातून सोडून दिल्यासारखं होतं. इथे मोजमाप फसवू शकतं. भट्टीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा थोडा कमी ठेवलेला असतो, त्यामुळे फटींतून बाहेरची हवा आत शिरते. मापक पुढे बसवलेला असल्यानं तो पुरेसा ऑक्सिजन दाखवतो आणि बर्नरपाशी मात्र हवा कमीच पडत असते. म्हणून ऑक्सिजनच्या आकड्याशेजारी कार्बन मोनॉक्साइडचा आकडा नेहमी पाहावा. दोन्ही एकाच वेळी जास्त दिसले तर आधी गळती शोधायची.

राख पकडली, पुढे?

२,७३० टन राखेपैकी साधारण २० टक्के खाली पडते. उरलेली, म्हणजे जवळपास २,१८० टन, वायूबरोबर उडते. ती पकडायला इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर असतो. त्यात तारांवर हजारो व्होल्टचा ऋण दाब असतो, राखेच्या कणांवर भार चढतो, कण पत्र्यांना चिकटतात आणि ठराविक वेळानं हातोड्यांच्या ठोक्यांनी खाली पाडले जातात. यंत्र ९९.९ टक्के राख पकडतं असं सांगितलं तर ऐकायला छान वाटतं. तरीही दिवसाला सव्वादोन टन राख हवेत जाते. ९९.५ टक्क्यांवर आलं तर तीच जवळजवळ ११ टन होते. अर्ध्या टक्क्याहूनही कमी घसरण आणि बाहेर पडणारी राख पाचपट. म्हणून पकडल्याची टक्केवारी न विचारता सुटल्याचं वजन विचारावं. शिवाय जे सुटतं ते बहुतांश सर्वांत बारीक असतं आणि फुप्फुसात खोलवर जाणारेही तेच कण.

इथे एक गोष्ट सहसा बाहेर सांगितली जात नाही. कमी गंधकाचा कोळसा हवेला चांगला, हे खरं. पण त्याची राख विजेला जास्त विरोध करते. राखेवर बसणारा सल्फर ट्रायऑक्साइडचा पातळ थर तिला थोडी वाहक बनवतो आणि गंधक कमी असलं की हा थर बसत नाही. पत्र्यावरच्या राखेतून भार निसटत नाही, त्या थरातच ठिणग्या पडू लागतात आणि चिकटलेली राख परत उडते. त्यावर उपाय म्हणून काही ठिकाणी वायूत मोजून सल्फर ट्रायऑक्साइड किंवा अमोनिया सोडतात. म्हणजे गंधक कमी असलेला कोळसा आणून पुन्हा थोडं गंधक घालावं लागतं. एका दोषाला हात घातला की दुसरा हलतो.

गंधकाची वाट जास्त स्पष्ट दिसते. चुनखडीचं पाणी वायूवर फवारलं की सल्फर डायऑक्साइड त्यात विरघळतो, पुढे हवा फुंकली की जिप्सम होतं. ७८ टनांपैकी ९५ टक्के, म्हणजे ७४ टन पकडायचा तर सुमारे ११६ टन शुद्ध चुनखडी लागते आणि जवळपास २०० टन जिप्सम निघतं. चुनखडीतून सुटणारा ५१ टन कार्बन डायऑक्साइड वेगळाच. द्रावणाचा सामू (पीएच) साधारण ५ ते ६ च्या मध्ये ठेवावा लागतो. कमी झाला तर वायू शोषला जात नाही, जास्त झाला तर चुनखडी न विरघळता पडून राहते आणि पाइपांत, जाळ्यांत खपली धरते. कोळशातलं क्लोरीन त्या पाण्यात साठत जातं, म्हणून काही पाणी सतत काढून टाकावं लागतं. त्या पाण्यात सेलेनियम, बोरॉन, पारा उतरलेले असतात. हवेतून काढलेलं विष पाण्यात आलं. त्या पाण्यावर पुढची प्रक्रिया असेल तरच गंधकाचं काम पुरं झालं असं म्हणता येईल.

चुनखडीच्या फवाऱ्याआधी सगळ्यांनी एकच सोपा मार्ग धरला होता: धुराडं उंच करायचं. जवळच्या वस्तीची हवा त्यानं सुधारते, यात शंका नाही. धूर जमिनीलगत राहिला तर काय होतं ते लंडनमध्ये दिसलं होतं. तिथे ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत थंड हवेचा थर जमिनीलगत अडकला. घराघरांतल्या शेगड्यांचा आणि कारखान्यांचा धूर त्यातच कोंडला. सुरुवातीच्या मोजणीत मृत्यू सुमारे ४,००० होते. पुढच्या अभ्यासांनी हा आकडा १२ हजारांच्या आसपास नेला. त्यातून ब्रिटनचा १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा आला. पण उंच धुराड्यातून निघालेला गंधक फक्त लांब गेला. ब्रिटन आणि मध्य युरोपातला गंधक स्वीडन आणि नॉर्वेच्या तळ्यांत आम्ल होऊन पडू लागला. तिथल्या ग्रॅनाइटच्या खडकात आम्ल मारायला चुना नव्हता, त्यामुळे मासे नाहीसे झाले. १९६०च्या दशकाच्या अखेरीस स्वीडिश शास्त्रज्ञ स्वांते ओदेन यांनी हा संबंध मांडला. १९७९ साली जिनिव्हात सीमेपलीकडच्या हवाप्रदूषणाचा करार झाला आणि १९८५ च्या हेलसिंकी करारात गंधक ३० टक्क्यांनी घटवण्याचं बंधन आलं. जिथून गंधक निघत होता तिथल्या लोकांना तो दिसत नव्हता. ज्यांची तळी मेली त्यांना त्या विजेतलं काहीच मिळत नव्हतं. माझ्या मते जीवाश्म इंधनांचा समाजावरचा सगळ्यात मोठा अन्याय हाच आहे. उष्णता एकाकडे जाते आणि उरलेलं वस्तुमान दुसऱ्याकडे.

सल्फर डायऑक्साइडचे हवेत सल्फेटचे बारीक कण होतात आणि ते शेकडो किलोमीटर जातात. धुराड्यातून वायू म्हणून सुटलेली वस्तू दुसऱ्या प्रदेशात पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनहून बारीक कण म्हणून मोजली जाते. म्हणून एखाद्या गावच्या हवेतल्या कणांचं कारण त्याच गावात शोधलं तर हाती अर्धवट उत्तर लागतं.

नायट्रोजनच्या ऑक्साइडबद्दल थोडक्यात. ते बरेचसे कोळशातल्या नायट्रोजनपासून आणि उरलेले अतितप्त ज्वालेत हवेच्या नायट्रोजनपासून होतात. ज्वाला थोडी उपाशी ठेवायची आणि उरलेली हवा वरून द्यायची, यानं ते बरेच घटतात. आणखी कमी करायचे तर ३०० ते ४०० अंशांवर उत्प्रेरकावरून अमोनिया सोडायचा. अमोनिया जास्त झाला तर तो सल्फर ट्रायऑक्साइडशी मिळून चिकट मीठ होतं आणि भट्टीत जाणारी हवा आधी तापवणारा एअर प्रीहीटर बुजतो.

मोजणीत लबाडी कुठे होऊ शकते तेही इथेच सांगायला हवं. मर्यादा दिलेली असते ती वायूच्या घनमीटरमागे मिलिग्रॅममध्ये, आणि कोळशाच्या बॉयलरसाठी बहुतेक ठिकाणी ६ टक्के ऑक्सिजन धरून. वायूत साधी हवा मिसळली की घनमीटरमागचा आकडा आपोआप उतरतो. त्यासाठी मोजलेल्या आकड्याला १५ नं (२१ वजा ६) गुणून २१ वजा मोजलेल्या ऑक्सिजननं भागायचं. ९ टक्के ऑक्सिजनला ३०० मिलिग्रॅम दिसले तर खरा आकडा ३७५. अहवालात ऑक्सिजनचा रकानाच नसेल तर तो अहवाल परत पाठवावा.

ग्रॅममध्ये मोजायची विषं

कोळशात पारा टनामागे ०.१ ग्रॅमच्या आसपास असतो. ७,८०० टनांत दिवसाला पाऊण किलोहून थोडा जास्त. भट्टीच्या उष्णतेत तो सगळा वाफ होतो. थंड होताना त्यातला काही ऑक्सिडाइज होतो, काही राखेला चिकटतो, उरलेला मूळ धातूच्या वाफेतच राहतो. ऑक्सिडाइज झालेला पाण्यात विरघळतो, म्हणून गंधकाच्या फवाऱ्यात पकडला जातो. धातूची वाफ पाण्यात विरघळत नाही, ती धुराड्यातून निघून पृथ्वीभर फिरते आणि पाण्यातले जिवाणू तिचं मिथाइल पारा करतात. तो माशांत साठतो, मोठ्या माशांत जास्त, आणि गर्भातल्या मुलाच्या मेंदूपर्यंत पोहोचतो. पाऱ्यावरचा मिनामाता करार २०१३ साली झाला आणि २०१७ मध्ये लागू झाला.

शिशाची गोष्ट यापेक्षा वेदनादायक आहे, कारण ते इंधनात मुळात नव्हतंच. इंजिनातली ठोक्याची समस्या घालवण्यासाठी १९२१ साली अमेरिकी अभियंता टॉमस मिजली यांनी टेट्राएथिल लेड या शिशाच्या संयुगाचा गुण शोधला आणि ते पेट्रोलमध्ये घालायला सुरुवात झाली. जेवढं शिसं टाकीत गेलं त्यातलं बहुतेक सायलेन्सरमधून रस्त्यावर आलं. ते कधीच नाहीसं होणार नव्हतं आणि शिसं विषारी आहे हे तेव्हाही ठाऊक होतं. पृथ्वीचं वय मोजण्याच्या प्रयोगांत क्लेअर पॅटरसन यांना प्रत्येक नमुन्यात बाहेरचं शिसं सापडू लागलं, आणि १९६०च्या दशकापासून त्यांनी या विषयावर चिकाटीनं लढा दिला. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिशाचं पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया होता. तिथे ते २०२१ मध्ये थांबलं. शंभर वर्षं. रस्त्याकडेच्या मातीत ते अजून आहे.

तळी आणि ढिगारे

पाण्यात कालवून तळ्यात सोडलेली राख खाली बसते, वरचं पाणी निघून जातं आणि आर्सेनिक, बोरॉन, सेलेनियम हळूहळू पाझरतात. तळ्याला तळाशी अस्तर नसेल तर भूजल बिघडणं हा फक्त वेळेचा प्रश्न असतो. बांध आधीच्या ओल्या राखेवरच उंचावत नेले तर धोका वाढतो. पाण्यानं भरलेली बारीक राख हादरली किंवा जास्त भार आला की क्षणात द्रवासारखी वाहू लागते. २२ डिसेंबर २००८ रोजी अमेरिकेत टेनेसीतल्या किंग्स्टन इथे असाच बांध फुटला आणि ४० लाख घनमीटरांहून जास्त राखेचा गाळ नदीत आणि जमिनीवर पसरला. बांधाची पाहणी करताना पायथ्याला नवा ओलावा, गढूळ पाझर, माथ्यावरच्या समांतर भेगा आणि पायथ्याची फुगवट पाहायची. पाझर स्वच्छ आहे तोवर वेळ असतो. गढूळ झाला म्हणजे आतून माती वाहून जायला लागली.

खाणीच्या ढिगाऱ्यांनाही हेच लागू आहे. वेल्समधल्या ॲबरफॅनचा सात नंबरचा ढिगारा झऱ्यावर रचला होता. २१ ऑक्टोबर १९६६ च्या सकाळी तो घसरून शाळेवर आला. १४४ जण गेले, त्यांत ११६ मुलं होती. चौकशीनं दोष राष्ट्रीय कोळसा मंडळावर ठेवला. तरीही गावावर उरलेले ढिगारे हटवण्यासाठी लोकांनी दिलेल्या मदतनिधीतून दीड लाख पौंड काढून घेतले गेले. ते परत मिळायला १९९७ साल उजाडलं. मेलेल्या मुलांच्या आईबापांसाठी जमलेल्या पैशातून कोळशाचा कचरा उचलला गेला, याहून कडवट हिशेब मला ठाऊक नाही.

जो रकाना रिकामाच राहतो

राख, गंधक, नायट्रोजन, पारा यांच्यासाठी निदान यंत्रं आहेत. सगळ्यांत जड आकडा, ११,४४० टन कार्बन डायऑक्साइड, बहुतेक सगळीकडे तसाच सोडला जातो. हवेत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण उद्योगयुगाआधी दहा लाखांत २८० भाग होतं. शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली हवाई बेटावरच्या मौना लोआ डोंगरावर मोजायला सुरुवात केली तेव्हा सुमारे ३१५, आता ४२० च्या वर. वाढलेला कार्बन इंधनांचाच हे कशावरून? पुरावे हवेतच आहेत. कार्बन-१४ या कार्बनच्या किरणोत्सर्गी प्रकाराचं अर्धायुष्य ५,७३० वर्षं, म्हणून कोट्यवधी वर्षं गाडलेल्या इंधनात तो उरलेलाच नसतो. इंधन जळत गेलं तसं हवेतल्या कार्बनमध्ये त्याचं प्रमाण पातळ झालं. हान्स स्यूस यांनी १९५५ मध्ये ते झाडांच्या लाकडात दाखवलं. शिवाय हवेतला ऑक्सिजन त्याच बेतानं किंचित घटतो आहे. हा वायू ज्वालामुखीतून किंवा समुद्रातून आला असता तर ऑक्सिजन असा घटला नसता.

सोडलेल्यापैकी साधारण निम्मा हवेत राहतो, उरलेला जमीन आणि समुद्र घेतात. समुद्रानं घेतलेल्याचं कार्बोनिक आम्ल होतं. समुद्राचा सामू ८.२ वरून ८.१ वर आलाय. तो लॉगरिदमच्या मापात असल्यानं एवढ्याशा फरकात हायड्रोजन आयन पाव हिश्श्यानं वाढतात आणि शिंपले, प्रवाळ यांना कवच बांधणं जड जातं.

गंधकाशी याचा एक अवघड संबंध आहे. सल्फेटचे कण ऊन परतवतात, त्यामुळे काही तापमानवाढ झाकली जाते. २०२० पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली. फुप्फुसांना त्याचा फायदाच, पण झाकण थोडं उचललं गेलं. सल्फेट पावसाबरोबर दिवसा-आठवड्यांत खाली येतं आणि कार्बन डायऑक्साइड शतकं टिकतो, म्हणून हे झाकण ठेवून भागणार नाही.

कार्बन डायऑक्साइड पकडून जमिनीत भरण्याचं तंत्र खरं आहे. नॉर्वेच्या स्लाइपनर क्षेत्रात १९९६ पासून समुद्रतळाखाली तो भरतात, कॅनडातल्या बाउंडरी डॅम केंद्रात २०१४ पासून कोळशाच्या धुरातून पकडतात. अमाइन नावाच्या रसायनाचं द्रावण ४० अंशांच्या आसपास वायू शोषतं आणि १२० अंशांना सोडतं. ती उष्णता बॉयलरच्याच वाफेतून येते, म्हणून केंद्राची वीज पाचव्या हिश्श्यानं किंवा त्याहून जास्त घटते. तेवढी वीज भरून काढायची तर जास्त कोळसा, जास्त राख, जास्त चुनखडी. धुरात गंधक राहिला तर अमाइन त्याच्याशी कायमचं बांधलं जातं आणि टाकून द्यावं लागतं. म्हणून गंधकाचा फवारा नसलेल्या केंद्रात या यंत्राच्या गप्पा मारणं मला अप्रामाणिक वाटतं.

'मग कोळशाऐवजी नैसर्गिक वायू जाळा' असा सल्ला येतो. ५५ टक्के कार्यक्षमतेचं वायूचं केंद्र युनिटमागे सुमारे ३७० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडतं, आपला कोळशाचा संच ९५० ग्रॅम. पण त्या युनिटला १३१ ग्रॅम मिथेन लागतो. वाटेत १ टक्का गळला तर १.३ ग्रॅम. वीस वर्षांच्या मुदतीत मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून जास्त तापवतो, म्हणून प्रत्येक टक्का गळती १०० ग्रॅमहून थोडी जास्त भर घालते. साडेपाच टक्क्यांच्या आसपास फायदा संपला. कोळशाच्या खाणीतूनही मिथेन निघतो, तो धरला तर ही रेषा थोडी वर सरकते. चांगल्या कोळसा केंद्राशी तुलना केली तर खाली. गळतं कुठे? कॉम्प्रेसरच्या सीलमधून, वायूच्या दाबावर चालणाऱ्या झडपांतून, टाक्यांच्या उघड्या झाकणांतून, जादा वायू जाळण्यासाठी ठेवलेल्या पण विझलेल्या ज्योतींतून आणि सोडून दिलेल्या तेल-वायूच्या विहिरींतून. इन्फ्रारेड कॅमेऱ्यात हे ढगासारखं दिसतं. मोजक्या मोठ्या गळत्या एकूण गळतीतला बराच वाटा उचलतात, म्हणून वर्षातून एकदा केलेली तपासणी कमी पडते.

खाण बंद झाल्यावर

खाण बंद झाली की पंप थांबतात आणि पाणी चढतं. खडकातल्या पायराइटला हवा आणि पाणी मिळालं की सल्फ्युरिक आम्ल होतं, लोखंड विरघळतं, आणि पुढे नाल्यात आल्यावर नारिंगी साका होऊन तळावर बसतं. त्याखाली काही जगत नाही. नाल्यात चुनखडी टाकणं हा स्वस्त उपाय, पण विरघळलेलं लोखंड ऑक्सिजन मिळताच दगडांवर कवच धरतं आणि चुनखडी निकामी होते. त्यासाठी पाण्याला हवा लागण्याआधीच ते जमिनीत गाडलेल्या चुनखडीच्या चरातून न्यावं लागतं आणि लोखंड पुढच्या तळ्यात खाली बसवावं लागतं. पाण्यात ॲल्युमिनियम जास्त असेल तर असा चर बुजतो. म्हणून आधी तपासणी आणि मग खोदकाम. साका काढून कुठे टाकणार हेही त्याच वेळी ठरवावं लागतं.

जर्मनीच्या रूरमध्ये दगडी कोळशाची शेवटची खाण २१ डिसेंबर २०१८ रोजी बंद झाली. तिथे खालचा कोळसा काढल्यामुळे काही ठिकाणी जमीन २० मीटरहून जास्त खचली आहे, आणि पंप थांबले तर वस्त्या पाण्याखाली जातील. म्हणून पंप कायम चालणार आहेत. त्यासाठी २००७ मध्ये वेगळं प्रतिष्ठान उभारून निधी बाजूला काढला आहे. खाण बंद होण्याच्या अकरा वर्षं आधी. इतरत्र बहुधा उलटं होतं. फायद्याची वर्षं संपत आली की खाण छोट्या कंपनीकडे जाते, ती दिवाळखोर होते आणि पाणी सरकारच्या गळ्यात पडतं.

खाण किंवा केंद्र बंद करण्याचा आराखडा वाचायला मिळाला तर झाडं लावण्याची पानं बाजूला ठेवून आधी हे शोधावं: पंपाची वीज, चुना, साका उचलणं, निरीक्षण विहिरींची तपासणी आणि बांधाची देखभाल यांचा वर्षाचा खर्च किती धरला आहे, तो किती वर्षांसाठी आहे, आणि ती रक्कम कंपनी बुडाली तरी हाती राहील अशा ठिकाणी ठेवली आहे का. आम्लाचं पाणी शतकंही वाहू शकतं. आराखड्यात तीस वर्षांनी पंप थांबवायचे असं लिहिलेलं असेल, तर त्यानंतरचं पाणी कुठल्या विहिरींत आणि कुठल्या नदीत उतरणार हे त्याच पानावर लिहून मागावं.